न फेकलेला चेंडू आणि पाच विजेतेपदं

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचा सगळ्यात मोठा सोहळा दर जूनमध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात रंगतो. नाव कॉलेज वर्ल्ड सिरीज. देशभरातून गाळून-चाळून आठ संघ इथे येतात आणि त्यातला एक राष्ट्रीय विजेता ठरतो. 1982 साली याच स्पर्धेत एका चेंडूनं कमाल केली. गंमत अशी, की तो चेंडू कुणी फेकलाच नव्हता.

सामना होता मायामी विरुद्ध विचिटा स्टेट. विचिटाचा फिल स्टीफन्सन पहिल्या बेसवर उभा होता. पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठण्यात, म्हणजे बेस चोरण्यात, त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या एकाच हंगामात त्यानं ऐंशीहून जास्त बेस चोरले होते. त्याला रोखायचं कसं? मायामीचा पिचर माइक कॅस्पर्झाक यानं पहिल्या बेसकडे चेंडू फेकण्याची जोरदार हूल दिली. फर्स्ट बेसमन स्टीव्ह लस्बीनं चेंडू हुकल्यासारखी जमिनीवर झेप घेतली. दोघेतिघे मैदानाच्या कडेकडे धावत सुटले, आणि कडेला बसलेले राखीव पिचर उठून ‘तो बघा, तिकडे गेला’ असे हातवारे करू लागले. स्टीफन्सन दुसऱ्या बेसकडे पळाला. चेंडू मात्र पिचरच्या ग्लव्हमध्येच होता! त्यानं तो आरामात दुसऱ्या बेसकडे दिला आणि स्टीफन्सन बाद.

ही युक्ती नियमात बसणं फार महत्त्वाचं होतं. पिचरचा पाय उंचवट्यावरच्या रबरी पट्टीला टेकलेला असताना त्यानं पहिल्या बेसकडे नुसती हूल दिली, तर तो ‘बॉक’ ठरतो आणि धावणाऱ्याला पुढचा बेस फुकट मिळतो. म्हणून कॅस्पर्झाकनं आधी पाय पट्टीवरून मागे घेतला आणि मग नाटक केलं. मायामीनं तो सामना 4-3 असा जिंकला. अंतिम फेरीत पुन्हा विचिटालाच हरवून बेसबॉलमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. बेसबॉलच्या इतिहासात हा डाव ‘ग्रँड इल्यूजन’ म्हणून अमर झाला.

या नाटकाचा दिग्दर्शक मुख्य कोच नव्हता. तो होता 44 वर्षांचा सहायक कोच, स्किप बर्टमन. एक वर्षानं त्यानं मायामी सोडलं, लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज गावी गेला आणि पुढच्या अठरा हंगामांत कॉलेज बेसबॉलचा नकाशाच बदलून टाकला. ही सगळी कहाणी त्याच्याभोवतीची.

मास्तर आधी, कोच नंतर

‘स्किप’ हे लाडाचं नाव. खरं नाव स्टॅन्ली. जन्म 1938, डेट्रॉइट. वाढला मायामी बीचवर, खेळला मायामी विद्यापीठाकडून. पण व्यावसायिक बेसबॉलच्या झगमगाटात न शिरता तो शाळेत शिकवायला लागला. मायामी बीच हायस्कूलमध्ये त्यानं दशकभर शाळकरी मुलांना बेसबॉल शिकवला आणि शाळेला राज्याचं विजेतेपदही मिळवून दिलं. त्याच्या पुढच्या यशाचं मूळ मला इथेच दिसतं. शाळकरी मुलाला एखादी गोष्ट शिकवायची तर तिचे बारीक तुकडे करावे लागतात, प्रत्येक तुकडा सोपा करावा लागतो आणि तो न कंटाळता शंभरदा सांगावा लागतो. ग्रँड इल्यूजन पुन्हा आठवून बघा. पिचरचा पाय, फर्स्ट बेसमनची झेप, राखीव खेळाडूंचे हातवारे, प्रत्येकाला आपला छोटासा भाग चोख पाठ होता.

पाच हजार डॉलरचं ताट

बर्टमनला गुरूही अफलातून लाभला. मायामीचे मुख्य कोच रॉन फ्रेझर यांना लोक ‘कॉलेज बेसबॉलचा जादूगार’ म्हणत. तीस हंगाम त्यांनी मायामीचा संघ सांभाळला, आणि त्यातल्या एकाही हंगामात पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. त्याआधी ते नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाचे कोच होते!

फ्रेझरांची खरी जादू मात्र तिजोरीत होती. त्या काळी कॉलेज बेसबॉलला कुणी विचारत नसे. विद्यापीठाचा पैसा फुटबॉलकडे जायचा, प्रेक्षक तिकडेच जायचे. फ्रेझरांनी 1977 साली थेट बेसबॉलच्या मैदानावर, इनफिल्डमध्ये, शाही मेजवानी मांडली. एका ताटाचा दर 5,000 डॉलर! मायामीतली बडी मंडळी नटूनथटून आली, जेवली आणि संघाची झोळी भरली. सामन्यांनाही त्यांनी जत्रेचं रूप दिलं: सोडती, बक्षिसं, तऱ्हेतऱ्हेच्या खास रात्री. लोक एकदा मैदानात आले की खेळाच्या प्रेमात पडतील, हा त्यांचा विश्वास होता, आणि तो खरा ठरला.

बर्टमननं हे सगळं जवळून पाहिलं. मुलांना खेळ शिकवणं आणि गावाला खेळाकडे ओढून आणणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. पुढे 2006 मध्ये कॉलेज बेसबॉल हॉल ऑफ फेमची पहिलीवहिली यादी निघाली, तेव्हा गुरू आणि शिष्य दोघांचीही नावं तिच्यात होती.

वाघांच्या गावात

बॅटन रूजमधल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला सगळे एलएसयू म्हणतात. संघाचं नाव टायगर्स. नाव नुसतं नाही, तिथे 1936 पासून जिवंत वाघ पाळला जातो आणि प्रत्येक वाघाचं नाव ‘माइक’च असतं. पण हा सगळा मान फुटबॉलचा. बर्टमन 1983 च्या उन्हाळ्यात इथे आला, तेव्हा एलएसयूच्या बेसबॉल संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या मुख्य फेऱ्यांत खेळायची संधी तोवर फक्त एकदा, 1975 मध्ये, मिळाली होती.

मैदानाच्या नावामागेही एक हृद्य गोष्ट आहे. अॅलेक्स बॉक्स हा एलएसयूचा जुना खेळाडू दुसऱ्या महायुद्धात 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेत मारला गेला. त्याच वर्षी मैदानाला त्याचं नाव दिलं गेलं. नवं स्टेडियम बांधलं तेव्हाही ते नाव बदललं नाही.

बर्टमनचा पहिला हंगाम 1984. तिसऱ्याच हंगामात, 1986 मध्ये, एलएसयू इतिहासात पहिल्यांदा ओमाहाला पोचला. पण विजेतेपदाला आणखी पाच वर्षं लागली. मधल्या काळातला एक दिवस जुने चाहते अजून आठवतात. 1989 च्या प्रादेशिक फेरीत समोर होता टेक्सास ए अँड एम. त्या हंगामात 58 विजय आणि जेमतेम पाच पराभव नावावर असलेला संघ, तोही स्वतःच्या घरच्या मैदानावर. ओमाहाला जायचं तर एलएसयूला त्यांना एकाच दिवशी दोनदा हरवणं भाग होतं. एलएसयूनं हरवलं. दोनदा! संघात होता उंचापुरा पिचर बेन मॅकडॉनल्ड. त्याच वर्षी व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा देशात सगळ्यात पहिली निवड त्याचीच झाली.

दोरी कोण धरणार?

बर्टमन खेळाडूंना एक प्रश्न विचारायचा. तू कड्यावरून खाली लटकतो आहेस आणि जीव एका दोरीवर आहे. दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात असावं असं तुला वाटतं? हात सोलवटले, रक्त आलं, तरी जो सोडणार नाही असा कोण? आणि तू स्वतः कुणासाठी असा दोरी धरशील? ‘होल्ड द रोप’ हा त्याच्या संघांचा मंत्र झाला आणि पुढे अमेरिकेतल्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या कोचांनी तो उचलला.

कॉलेज बेसबॉलच्या हिशेबात डोकावलं, की हा मंत्र किती गरजेचा होता ते कळतं. पुढची तीन वाक्यं थोडी गणिती आहेत, पण वाचाच. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या दर्जाच्या संघाला 85 पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. बेसबॉल संघाला, तीन दशकांहून जास्त काळ, फक्त 11.7! तेवढ्या रकमेचे तुकडे करून कोच ते तीसेक मुलांत वाटायचा.

म्हणजे बेसबॉलचा बराचसा संघ स्वतःच्या खिशातून फी भरून खेळायचा. कुणाला अर्धी शिष्यवृत्ती, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. अशा संघात हेवेदावे उगवायला वेळ लागत नाही. ज्याला काहीच मिळत नाही त्यानंही जीव तोडून खेळावं, यासाठी कोचकडे पैशाहून मोठं काहीतरी असावं लागतं. ते देणं ही बर्टमनची सगळ्यात मोठी कामगिरी, असं मी मानतो. करंडक त्याच्यामागून आले.

वॉरन मॉरिसचा एक फटका

8 जून 1996. ओमाहाचं रोझेनब्लॅट स्टेडियम. अंतिम सामना, आणि समोर कोण? मायामी! बर्टमन जिथे शिकला, खेळला, जिथे फ्रेझरांच्या हाताखाली घडला, तेच मायामी.

एलएसयूचा सेकंड बेसमन वॉरन मॉरिस अभ्यासात इतका हुशार, की विद्यापीठात आला तोच अभ्यासाच्या शिष्यवृत्तीवर. त्या वर्षी त्याच्या मनगटातलं एक बारीकसं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, अर्धाअधिक हंगाम हातातून गेला. परत आला तेव्हा बॅट नीट धरणंही कठीण. फलंदाजीच्या क्रमात त्याला नववं, शेवटचं स्थान मिळालं होतं. अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर एकही होम रन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेला फटका, नव्हता.

नवव्या इनिंगमध्ये मायामीच्या अॅलेक्स कोरानं मोक्याचा फटका मारला आणि मायामी 8-7 नं पुढे गेला. एलएसयूचा शेवटचा डाव. दोन बाद. तिसऱ्या बेसवर एक खेळाडू. आणखी एक बाद झाला की सगळं संपलं. मॉरिस आला. मायामीच्या रॉबी मॉरिसननं पहिलाच चेंडू वळवून टाकला. मॉरिसनं बॅट फिरवली आणि चेंडू सरळ रेषेत उजव्या कुंपणावरून, जेमतेम, पलीकडे गेला. 9-8. मायामीचे खेळाडू जागच्या जागी मातीत कोसळले. त्यांच्यात अॅलेक्स कोराही होता. हाच कोरा पुढे बोस्टन रेड सॉक्सचा मॅनेजर झाला आणि 2018 ची वर्ल्ड सिरीज त्यानं जिंकून दाखवली.

दोन बाद असताना, पिछाडीवरून, शेवटच्या चेंडूवर होम रन मारून कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकणं असं दुसऱ्यांदा घडलेलं नाही. त्याच उन्हाळ्यात बर्टमन अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाचा कोच होता आणि मॉरिस त्या संघात होता. तिथे कांस्यपदक मिळालं.

188 वेळा कुंपणापार

1997 चा एलएसयू संघ म्हणजे दणकेबाजांची टोळी. त्या हंगामात त्यांनी 188 होम रन ठोकले. सत्तर सामने, म्हणजे दर सामन्याला अडीचहून जास्त! हा विक्रम आजही उभा आहे. एकट्या ब्रँडन लार्सननं चाळीस मारले. लोकांनी या शैलीला ‘गोरिला बॉल’ म्हटलं.

याच हंगामात अलाबामानं एलएसयूला 28-2 असं धुऊन काढलं. आकडे नीट वाचा, अठ्ठावीस-दोन. आणि काही आठवड्यांनी ओमाहाच्या अंतिम सामन्यात समोर आला तोच अलाबामा. एलएसयूनं तो सामना 13-6 असा जिंकला. अलाबामाचे कोच जिम वेल्स हे एके काळी बर्टमनचेच सहायक होते!

या दणक्यांमागे बॅटचाही हात होता. कॉलेजमध्ये 1974 पासून अॅल्युमिनियमच्या बॅट चालतात आणि या बॅट फारच जोरकस होत चालल्या होत्या. 1998 चा अंतिम सामना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानं, म्हणजे यूएससीनं, अॅरिझोना स्टेटविरुद्ध 21-14 असा जिंकला. मग बॅटवर निर्बंध आले आणि 2011 मध्ये ते आणखी कडक झाले. परिणाम? 2014 च्या अख्ख्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये मिळून तीनच होम रन झाले. दुसऱ्या वर्षी चेंडूची शिवणच बदलली, कमी उंचीची केली, म्हणजे तो हवेत दूर जाईल.

पाचपैकी पाच

1991, 1993, 1996, 1997, 2000. दहा वर्षांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं. बर्टमनचा संघ पाच वेळा अंतिम सामन्यात पोचला, पाचही वेळा जिंकला. 1993 च्या अंतिम सामन्यात पिचर ब्रेट लॅक्स्टननं विचिटा स्टेटचे सोळा फलंदाज स्ट्राइक-आउट केले आणि एकही धाव दिली नाही. 2000 मध्ये स्टॅनफर्ड आठव्या इनिंगपर्यंत 5-2 नं पुढे होता. दोन होम रननी बरोबरी झाली आणि नवव्या इनिंगमध्ये ब्रॅड क्रेसच्या फटक्यावर एलएसयूनं 6-5 असा सामना खिशात घातला. अठरा हंगामांत एकूण 870 विजय. त्याची 15 नंबरची जर्सी एलएसयूनं कायमची बाजूला ठेवली.

एलएसयूच्या मैदानात उजव्या कुंपणापलीकडे विजेतेपदांची वर्षं मिरवणारा एक भलामोठा फलक आहे. नाव ‘इंटिमिडेटर’, म्हणजे पाहुण्या संघाला धडकी भरवणारा. जुन्या मैदानात साडेसात हजारांवर प्रेक्षक बसायचे. 2009 मध्ये उघडलेल्या नव्या स्टेडियममध्ये दहा हजारांवर बसतात. कॉलेज बेसबॉलच्या प्रेक्षकसंख्येच्या यादीत एलएसयू वर्षानुवर्षं पहिला येतो. मैदानावर जेवणावळ घालणाऱ्या गुरूचा शिष्य इथे गुरूच्या पुढे गेला.

खुर्ची बदलली, काम तेच

2001 मध्ये बर्टमननं कोचपद सोडलं आणि तो एलएसयूच्या सगळ्या खेळांचा प्रमुख झाला. त्याच्या कारकिर्दीत फुटबॉल संघ 2003 आणि 2007 च्या हंगामांत राष्ट्रीय विजेता ठरला. फुटबॉलच्या चांगल्या जागांच्या तिकिटांना देणगी जोडणारी ‘ट्रॅडिशन फंड’ योजना त्यानं आणली. सुरुवातीला लोक चिडले, पण त्या पैशातून सगळ्या खेळांच्या सोयी उभ्या राहिल्या.

2006 मध्ये बेसबॉल कोच म्हणून पॉल मेनिएरीची निवड त्यानंच केली. तीन वर्षांत एलएसयू पुन्हा विजेता! 2009 च्या अंतिम फेरीत हरलेल्या टेक्सासचे कोच होते ऑगी गारिडो. म्हणजे सत्तर, ऐंशी, नव्वद आणि 2000 नंतरचं, अशा चारही दशकांत राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेला माणूस. केव्हिन कॉस्टनरच्या ‘फॉर लव्ह ऑफ द गेम’ या चित्रपटात गारिडो यांकीज संघाच्या मॅनेजरच्या भूमिकेत दिसतात.

बर्टमनचा कॅचर आणि नंतर सहायक असलेला माइक बियांको पुढे मिसिसिपी विद्यापीठाचा कोच झाला. 2022 मध्ये 64 संघांच्या स्पर्धेत त्याच्या संघाला अगदी शेवटची जागा मिळाली, आणि करंडक त्यांनीच उचलला.

शेजारच्या अंगणात

कॉलेज बेसबॉलमध्ये अफलातून कोच आणि सामने इतर विद्यापीठांतही झाले. यूएससीचे कोच रॉड डेडो यांचा मालवाहतुकीचा मोठा धंदा होता, म्हणून कोचपदाचा पगार ते वर्षाला एक डॉलर घ्यायचे. त्या एका डॉलरमध्ये त्यांनी अकरा राष्ट्रीय विजेतेपदं दिली, त्यातली पाच सलग, 1970 ते 1974. त्यातल्या 1973 च्या उपांत्य सामन्यात मिनेसोटाचा डेव्ह विनफिल्ड पिचिंग करत होता आणि नवव्या इनिंगला यूएससी 0-7 नं मागे होता. त्या एका इनिंगमध्ये आठ धावा काढून यूएससी 8-7 नं जिंकला. विनफिल्डला त्या वर्षी बेसबॉल, बास्केटबॉल आणि फुटबॉल अशा तिन्ही व्यावसायिक खेळांतून बोलावणं आलं होतं.

2018 मध्ये आर्कान्सा विजेतेपदापासून एका झेलावर होता. कुंपणाजवळ उडालेला सोपा चेंडू तिघांच्या मध्ये पडला. ओरेगन स्टेटनं त्या जीवदानावर सामना फिरवला, दुसऱ्या दिवशी शेवटचा सामनाही जिंकला, आणि कोच पॅट केसीच्या खात्यात तिसरं विजेतेपद जमा झालं.

आणि फ्लोरिडा स्टेटचे माइक मार्टिन. 40 हंगाम, 2,029 विजय. एकाही हंगामात चाळीसपेक्षा कमी विजय नाहीत. 17 वेळा ओमाहा गाठलं. राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. 2019 मध्ये ते निवृत्त झाले आणि 2024 मध्ये गेले. मला विचाराल तर मार्टिन यांचं नाव बर्टमनच्या खाली लिहायला हात धजणार नाही. चाळीस वर्षं दर वर्षी नवी मुलं घेऊन पुन्हा तेवढ्याच उंचीवर चढायचं, हे करंडकाइतकंच अवघड आहे.

पुढचं गणित

जे जॉन्सन या कोचच्या हाताखाली एलएसयूनं 2023 आणि 2025 मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवलं. एकूण आठ. पुढे आता एकच संघ आहे, बारा विजेतेपदांचा यूएससी. 2023 च्या एलएसयू संघातल्या पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूज यांची त्या वर्षीच्या व्यावसायिक निवडीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर निवड झाली.

2025-26 पासून ते 11.7 चं बंधनही गेलं. आता नव्या व्यवस्थेत आलेल्या संघाला 34 खेळाडू ठेवता येतात, आणि विद्यापीठाची ऐपत असेल तर चौतीसही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. जिथे दहा हजारांचं स्टेडियम भरतं तिथे ती ऐपत आहे. लहान कॉलेजांच्या कोचांना मात्र अजूनही तुकडे करूनच वाटावं लागणार आहे.